कोलभाट लेनपासून गायवाडीपर्यंत

शंभर वर्षांपूर्वीचे कुठलेही मराठी पुस्तक उघडले, की मुखपृष्ठाच्या मागे नाहीतर अखेरच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एक-दोन ओळी सापडतात. छापणाऱ्याचे नाव, छापखान्याचे नाव, गल्ली, कधी घरनंबरसुद्धा. त्या ओळी हौसेने घातलेल्या नसत. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छापण्याची जागा देणे सक्तीचे केले होते. राज्यकर्त्यांना धास्ती होती ती मजकुराची. आपल्याला मात्र त्यातून एका वस्तीचा नकाशाच मिळाला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली पन्नास मराठी पुस्तके समोर घेऊन हे पत्ते उतरवून काढले, तर तीच ती नावे फिरून फिरून येतात: कोलभाट लेन, ठाकुरद्वार, गायवाडी, खेतवाडी, सँडहर्स्ट रोड. काळबादेवी आणि गिरगाव यांच्या मधला, आरामात पायी फिरता येईल एवढा हा टापू. मराठीच नव्हे, तर संस्कृत, हिंदी आणि गुजराती वाङ्मयाचाही फार मोठा भाग या गल्ल्यांत जुळवला, छापला आणि बांधला गेला.

मुंबईच्या कामगारांचा इतिहास म्हटला की परळ-लालबागच्या चिमण्या आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण १९०१ मध्ये पावणेआठ लाख आणि १९२१ मध्ये पावणेबारा लाख वस्ती झालेले हे शहर केवळ गिरण्यांवर चालत नव्हते. मुंबादेवीसमोरच्या तांबाकाट्यावर तांबट आणि कासार ठोकठोक करीत बसत, कामाठीपुऱ्यात विड्या वळल्या जात, मदनपुऱ्यात हातमाग चालत. गिरगावात छपाईचे खिळे ओतले जात. यांपैकी मला छापखान्यांची गोष्ट सांगायची आहे, कारण आपण आज वाचतो ते अक्षरच तिथे घडले, आणि ते घडवणाऱ्यांविषयी आपल्या वाङ्मयेतिहासांनी फार थोडे लिहिले आहे.

या वस्तीत ही विद्या आली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून. गणपत कृष्णाजी तिथे काम करता करता शिळाछापाची कला शिकले, मग त्यांनी स्वतःचे यंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. छापील शाईत चरबी असते म्हणून धर्मग्रंथ विटाळतात, अशी त्या काळच्या शास्त्रीपंडितांची समजूत होती. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून तोड काढली. पुढच्या पिढीतले जावजी दादाजी चौधरी हे गरीब घरचे मूल. लहान वयात मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासायला लागले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू या कारागिराने त्यांच्यासाठी अक्षरांचे पंच कापले. निर्णयसागरच्या अक्षराचे सुबक, भरदार वळण म्हणजे आरूंच्या हाताचे वळण आहे. १८८६ मध्ये पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली काव्यमाला सुरू झाली, आणि कोलभाट लेनमध्ये छापलेले संस्कृत ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसले. जावजी १८९२ मध्ये वारले. चिरंजीव तुकाराम जावजींनी कारभार हाती घेतला, आणि विसावे शतक उजाडले तेव्हा निर्णयसागर हे या टापूतले मोठे घर होते. आसपास लहानमोठ्या छापखान्यांची दाटी होत चालली होती. ठाकुरद्वारला कर्नाटक प्रेस, खेतवाडीत खेमराज श्रीकृष्णदासांचा श्रीवेंकटेश्वर स्टीम प्रेस, गायवाडीत गुजराती टाइप फाउंड्री.

खिळा कसा बनतो हे सांगितल्याशिवाय या माणसांचे काम कळायचे नाही. मऊ पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटे कोरतो. डोळ्याला भिंग, हातात बारीक कानस आणि छिन्नी. उलट्या ‘क्ष’च्या पोटातली जागा किती ठेवायची, ‘ळ’ची दोन वर्तुळे किती जवळ आणायची, हा निर्णय केसाएवढ्या अंतराने ठरतो, आणि एकदा पोलाद कापले गेले की परत येत नाही. कोरून झालेली ही कांडी म्हणजे पंच. ती तापवून, पाण्यात विझवून कडक करायची आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची. तांब्यात अक्षर सुलटे उमटते. हा झाला साचा. तो हातसाच्यात बसवून वरून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. नुसते शिसे मऊ पडते, दाबाखाली चेपते. अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो आणि कथलाने रस कानाकोपऱ्यात नीट शिरतो. साचा उघडला की खिळा बाहेर पडतो. त्याची शेपटी मोडायची, दोन्ही अंगे दगडावर घासायची, उंची तपासायची. हे घासणे मुलांकडे असे. जावजी दादाजी याच पायरीवरून चढले. त्यांच्यासारखे चढू न शकलेले किती तरी असतील. त्यांच्या नखांत, कपड्यांत आणि श्वासात शिशाची भुकटी जात राहिली.

मराठीचे ओझे इंग्रजीपेक्षा कितीतरी जड. इंग्रजीची सारी अक्षरे, अंक, चिन्हे धरून दोन केशी, म्हणजे खिळ्यांचे खणांचे ट्रे, पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागतात. त्यासाठी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याभोवती चार केशी मांडाव्या लागत. डाव्या हातात ओळ जुळवण्याची स्टिक, उजवा हात केशींवरून फिरता. हस्तलिखितावर नजर, आणि कुठल्या खणात कुठला खिळा हे बोटांना पाठ. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. तिच्यावर बोट पडले की तो कुठल्या बाजूने बसवायचा ते न पाहता कळते. ओळ उलटी वाचायची, शब्दांमधली जागा कमीजास्त करून ती घट्ट करायची, आणि दहा-बारा तास उभ्याने हेच करायचे. हस्तलिखित मोडी वळणाचे, घाईत खरडलेले असेल तर ते लावण्याची जबाबदारीही त्याचीच. लेखकाचे शुद्धलेखन जुळाऱ्याने वाटेत गुपचूप सुधारले, असे किती वेळा घडले असेल याची नोंद कुठल्याही चरित्रात मिळत नाही.

त्यातही लहान छापखान्याची अडचण वेगळी. खिळे महाग, म्हणून साठा थोडा. एक-दोन फर्मे, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचे संच, जुळले की केशी रिकाम्या. मग ते छापून होईपर्यंत पुढचे जुळवता येत नसे. छापून झाले की खिळे धुवायचे आणि एकेक करून आपापल्या खणात परत सोडायचे. सगळे काम त्या सोडणीवर अडून राही. प्रूफ घेऊन पोऱ्या लेखकाच्या घरी पळे, कारण लेखकाने प्रूफ दोन दिवस ठेवले तर छापखान्याचे खिळे दोन दिवस अडकले. लेखक, संपादक आणि छापखाने एकाच टापूत का गोळा झाले, याचे एक साधे कारण मला यात दिसते. मासिकांमधून प्रकरणा-प्रकरणाने कादंबरी देण्याच्या पद्धतीलाही या खिळ्यांच्या टंचाईने हातभार लावला असावा, असे माझे मत आहे. अख्खे पुस्तक एका वेळी जुळवून ठेवण्याची ऐपत फार थोड्यांची होती.

वर्षाचे चक्रही ठरलेले. पाडव्याआधी पंचांगे, शाळा उघडण्यापूर्वी क्रमिक पुस्तके, लग्नसराईत पत्रिका. त्यात १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावरची आणखी एक धांदल छापखान्यांच्या नशिबी आली. आज आपण दिवाळी अंकांच्या परंपरेचा अभिमान बाळगतो. त्या परंपरेचा पहिला भार कोणी उचलला हे सांगताना संपादकांच्या जोडीला रात्री जागवणारे जुळारी आणि घडी घालणारे यांनाही जागा द्यायला हवी.

खिळ्यांचे हे जंजाळ कमी व्हावे म्हणून मोठमोठी माणसे झटली. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटवण्याच्या खटपटीत वर्षे घातली. पुढे रत्नागिरीतून सावरकरांनी लिपिसुधारणेची चळवळ चालवली, तिच्याही मुळाशी छपाईची हीच अडचण होती. मुंबईचे शंकर आबाजी भिसे तर खिळे ओतण्याची जलद यंत्रे रचत लंडनपर्यंत गेले. टाटांच्या पैशाने १९१० मध्ये त्यांच्या शोधांसाठी टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले. पण गिरगावच्या गल्ल्यांत हातजुळणी पुढे कित्येक दशके चालूच राहिली. देवनागरीचे लायनोटाइप यंत्र हरि गोविंद गोविल यांच्या प्रयत्नाने १९३० नंतरच्या काळात आले, आणि तेसुद्धा मोठ्या वृत्तपत्रांनाच परवडणारे होते.

अक्षरांबरोबर याच भागात चित्रेही छापली जाऊ लागली होती. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये गिरगावात निघाला. जर्मन तंत्रज्ञ आणून एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकाच कागदावर रंगावर रंग चढवायचा, असे ते काम. प्लेगने शहर ओस पडू लागल्यावर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पण त्यातली चित्रे विकली जात होती मुंबईतूनच. त्यातल्या कित्येक चित्रांच्या खाली ‘अनंत शिवाजी देसाई, मोतीबाजार, मुंबई’ असा शिक्का आढळतो. हेच कोकणातून आलेले, टोप्यांच्या धंद्यावर मोठे झालेले देसाई टोपीवाले. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या चित्रांवर घरोघरी बायकांनी जर आणि टिकल्या लावून साडी-दागिने उठवले. छापखान्यातून निघालेला कागद घरातल्या हातांनी पुरा झाला.

याच लोणावळ्याच्या छापखान्यासाठी दादासाहेब फाळके काम करीत. पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडून त्यांनी ठसे कोरण्याचा आणि छपाईचा धंदा काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला ते जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्यातून बाहेर पडले. मग १९११ मध्ये गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण मला तिच्यातला घरगुती भाग फार मोलाचा वाटतो. लंडनहून आणलेला विल्यम्सन कॅमेरा आणि कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र दादरच्या राहत्या घरात ठेवले होते. त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय येई. ती भोके अंधाऱ्या खोलीत बसून सरस्वतीबाई फाळके पाडत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले ते वेगळेच. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातल्या तारामतीचे काम करायला एकही स्त्री तयार होईना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीतला दरमहा दहा रुपयांवर राबणारा अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर आला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. ज्याला आज आपण चित्रपट उद्योग म्हणतो त्याचा आरंभ एका बिऱ्हाडात, बाईच्या हातांनी झाला, ही वस्तुस्थिती आहे.

सरस्वतीबाईंचे नाव उरले. बाकीच्यांचे उरले नाही. गिरगावच्या चाळींत खोलीतल्या खोलीत पापड लाटणे, मसाले कुटणे, लोणची घालणे, शिवणयंत्रावर टोप्या आणि झबली शिवणे, दोन-चार परगावच्या माणसांना दोन वेळचे जेवण घालणे, हे सारे चाले. कोकणातून आलेला एकटा जुळारी किंवा कारकून अशाच एखाद्या बाईच्या ताटावर जगे. विधवेला तर हाच आधार. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तिथे गरजू स्त्रियांना शिवण-भरतकाम शिकवून हाताला काम देण्याची सोय झाली. घरगुती चवीची दुकानेही याच सुमारास निघू लागली. व्ही. पी. बेडेकरांचे गिरगावातले किराणा दुकान १९१० चे, मसाले आणि लोणची त्यातून पुढे वाढली. मात्र शिरगणतीच्या तक्त्यात ‘कमावणारे’ आणि ‘अवलंबून असणारे’ असे दोन भाग असत, आणि चुलीशेजारी बसून चार पैसे मिळवणारी बाई सहजच दुसऱ्या रकान्यात ढकलली जाई. तिची मेहनत घरकामातच जमा झाली. हा अन्याय आजही पुरता फिटलेला नाही.

आता कायद्याकडे पाहू. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने शंभर किंवा अधिक माणसे आणि यंत्रशक्ती असलेल्या जागेलाच कारखाना मानले. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली. १९२२ मध्ये ती वीस झाली, आठवड्याचे साठ तास ठरले आणि बारा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई झाली. हे सर्व चांगलेच झाले, आणि त्यामागे गिरणी कामगारांचे संप आणि कामगारनेते ना. म. जोशी यांच्यासारख्यांची तळमळ होती. पण आठ-दहा माणसांच्या छापखान्याला, चार कारागिरांच्या ओतशाळेला, पायाने चालणाऱ्या ट्रेडलला यातले काही लागू नव्हते. तिथे तास मालक ठरवी, मजुरी पुष्कळदा फर्म्यावर, आणि शिशाने पोट बिघडले, हात लुळे पडले, तर गावी परत जाणे हाच इलाज.

आणि याच वर्षांत सरकारची नजर याच छापखान्यांवर किती बारीक होती! टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा शहरातल्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. दोन वर्षांनी १९१० चा प्रेस कायदा आला. नवा छापखाना काढणाऱ्याने पाचशे ते दोन हजार रुपये जामीन ठेवायचा, आणि आक्षेपार्ह काही छापले तर तो जप्त. पुन्हा घडले तर यंत्रासकट छापखानाच जप्त. लहान छापखान्याला पाचशे रुपये म्हणजे धंद्याचा प्राण. जामीन जप्त झाला की मालक हवालदिल होई, आणि जुळारी, यंत्र चालवणारा, बाइंडर यांची रोजी त्याच दिवशी बंद पडे. म्हणजे छापखाना केवढाही लहान असो, छापलेल्या शब्दासाठी सरकारला तो दिसत होता. त्याच खोलीत शिसे घासणारा दहा वर्षांचा मुलगा मात्र दिसत नव्हता, कारण माथी मोजली तर पन्नास सोडाच, वीससुद्धा भरत नव्हती. प्रेस कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी कारखाना कायदा सुधारला. दोन्हींच्या फटीत हे लहान छापखाने जसे होते तसेच राहिले.

मालक सगळे निर्दय होते असे मी म्हणणार नाही. बरेचसे स्वतः खिळे घासून वर आलेले, कर्जात बुडालेले, कामगारांच्या शेजारच्याच चाळीत राहणारे होते. सणाला उचल देणारे, पोराला कामावर लावून घेणारेही होते. पण माणुसकी मालकाच्या स्वभावावर सोडणे आणि तिला हक्काचे रूप देणे यांत फार अंतर आहे. ते अंतर ओळखणारी माणसे याच टापूत बसत होती. सँडहर्स्ट रोडवर भारत सेवक समाजाच्या वास्तूत एकीकडे बॉम्बे वैभव छापखाना चाले, आणि तिथूनच ना. म. जोशी कामगारांचे काम पाहत. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालवली. १९२० मध्ये आयटक या देशव्यापी कामगार संघटनेची स्थापना झाली, तीही त्यांच्या सहभागाने. दहा किंवा अधिक माणसे आणि यंत्रशक्ती असलेल्या प्रत्येक जागेला कारखाना मानण्यासाठी मात्र १९४८ सालचा कायदा यावा लागला.

आता ऑफसेट आणि संगणक येऊनही पुष्कळ वर्षे लोटली. हातजुळणीचे छापखाने बंद झाले तेव्हा खिळे शिशाच्या भावाने मोडीत गेले, केशी जळणात गेल्या, आणि हजेरीपट, उचलीच्या वह्या, गिऱ्हाइकांची पत्रे पोटमाळ्यावर टाकली गेली. जुळाऱ्यांची नावे असलीच तर त्या वह्यांतच आहेत. पुस्तकावर ती छापण्याची सक्ती कुठल्याच कायद्याने केली नव्हती. ज्या वाचकांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या छापखान्याची, ओतशाळेची किंवा बाइंडिंगची अशी कागदपत्रे असतील, आजीने चालवलेल्या खानावळीचा वा शिवणकामाचा हिशोब असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ते रद्दीत घालू नका. १८९८ पासून ग्रंथ सांभाळणाऱ्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेकडे, किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे ते द्या. आणि घरात अजून कोणी त्या काळाविषयी सांगू शकणारे म्हातारे माणूस असेल, तर या आठवड्यातच त्याच्याजवळ बसून ते लिहून घ्या.